माग कुणाच्या शिवेत संपतो?

आमच्या बाजारपेठेत पाइप-फिटिंगचं दुकान असलेल्या एका गृहस्थांचे २०२४ साली, गणपतीच्या तोंडावर, सव्वाचार लाख रुपये गेले. ज्या कारखान्याकडून ते पंधरा वर्षं माल उचलतात, त्याच कारखान्याच्या ईमेलवरून नेहमीसारखं बिल आलं. बिलाचा नमुना तोच, शिक्का तोच, जीएसटी क्रमांक तोच. तळाशी बँकेचा खातेक्रमांक मात्र वेगळा होता आणि सोबत एक ओळ होती: ऑडिट चालू असल्याने तूर्त या खात्यात भरणा करावा. त्यांनी एनईएफटी केलं. दहा दिवसांनी कारखान्यातून वसुलीचा फोन आला, तेव्हा कळलं की कारखान्याच्या मेलबॉक्समध्ये तिसराच कुणीतरी शिरला होता आणि जाणारी बिलं मध्येच उचलून, बदलून पुढे पाठवत होता. तेव्हापासून व्यापारी मंडळाच्या बैठकीत सायबर चोरीचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘साधा फोन करून विचारायला काय झालं होतं? गाफील राहिलात, आता भोगा.’ दुसरा म्हणतो, ‘म्हणून सांगतो, ऑनलाइनचा नाद नको. चेक बरा, रोख त्याहून बरी.’ ते गृहस्थ मान खाली घालून ऐकत बसायचे. आता ते बैठकीला येतच नाहीत.

या वादात दोन्ही तटांची चूक एकच आहे. दोघंही ज्याचं गेलं त्याच्याकडेच बघतात. पैसे ज्या खात्यात पोचले ते खातं कुणी उघडलं, कुठल्या कागदांवर उघडलं, त्यात एकदम सव्वाचार लाख येऊन लगेच निघूनही गेले तेव्हा कुणाला काही खटकलं कसं नाही, हे बैठकीत एकानेही विचारलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या धंद्याची सायबर सुरक्षा ही मालकाच्या हुशारीवर सोडून देण्याची बाब नाही. वजनमापांच्या तपासणीसारखी ती सार्वजनिक व्यवस्था आहे. आणि चोरीचा माग जिथे संपतो, तिथल्या बँकेने नुकसानीत वाटा उचललाच पाहिजे.

सावधगिरीचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू मी हलकी समजत नाही. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की मालकाने तिजोरीची किल्ली स्वतःच्या हाताने चोराला दिली, तर कुलूप बनवणाऱ्याचा काय दोष? आणि हे खरंच आहे की असंख्य प्रकरणांत शेवटचं बटण मालकानेच दाबलेलं असतं. लष्करातला अधिकारी असल्याची बतावणी करून खानावळीत पन्नास थाळ्यांची ऑर्डर द्यायची, ‘आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे’ म्हणत क्यूआर कोड पाठवायचा, आणि तो स्कॅन करायला लावून खानावळवाल्याचेच पैसे काढायचे, ही फसवणूक वर्षानुवर्षं चालू आहे. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, एवढं एक वाक्य मनात पक्कं असतं तर कितीतरी जण वाचले असते. आरटीओचं चलन किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये नवं अ‍ॅप घालणारी फाइल, उघडू नये, हेही खरं. दुकानातल्या संगणकावर फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर, विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपूनही तेच यंत्र चालू, त्याच यंत्रावर घरच्या मुलांचे गेम आणि त्याच यंत्रावरून नेटबँकिंग, हे चित्र मी स्वतः डझनभर दुकानांत पाहिलं आहे. यातला दोष मालकाचाच आहे, तो मी झाकणार नाही.

पण ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य छोट्या धंदेवाल्याच्या दिवसात बसवून बघा. सकाळी गॅसची टाकी येते, आणणारा मुलगा चार आकडी कोड मागतो. कुरिअरवाला पार्सल हातात देण्याआधी ओटीपी विचारतो. जीएसटीचं विवरणपत्र भरायची वीस तारीख उजाडते आणि सीएच्या ऑफिसातून फोन येतो, ‘शेठ, ओटीपी आला असेल बघा, लवकर सांगा, साइट बंद पडेल.’ उद्यम नोंदणीला ओटीपी, आधार जोडणीला ओटीपी, आयकराला ओटीपी. दिवसाला चार-पाच वेळा तो माणूस हे आकडे फोनवर मोठ्याने वाचून दाखवतो, कारण नाही दाखवले तर काम अडतं. पन्नास-शंभर अशिलांचे पासवर्ड एकाच एक्सेल फाइलमध्ये, आणि ती फाइल कालपरवा आर्टिकलशिपला लागलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर, हेही सर्रास चालतं. सीए मंडळींना मी दोष देत नाही. सरकारी कामकाजाची रचनाच अशी आहे की छोटा दुकानदार स्वतः ते करू शकत नाही आणि सीएला दुसरा मार्ग परवडत नाही. ज्याला व्यवस्थेनेच रोज ओटीपी सांगायची सवय लावली, त्याने सहावा फोन मात्र अचूक ओळखावा, ही अपेक्षा कुठल्या न्यायात बसते? आणि एकदा, फक्त एकदा, दुपारच्या गर्दीत गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असताना तो चुकला, तर सगळं नुकसान त्याचं?

जनजागृतीने काय साधतं याचा एक हिशेबही समोर आहे. सायबर फसवणुकीत देशभरात गेलेली रक्कम गृह मंत्रालयाने लोकसभेत सांगितली आहे: २०२३ साली ७,४६५ कोटी, २०२४ साली २२,८४५ कोटी रुपये. एका वर्षात तिप्पट. बँकांचे सावधगिरीचे एसएमएस, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, शाळा-कॉलेजांतली पोलिसांची व्याख्यानं, हे सगळं याच काळात चालू होतं. मोहिमा नसत्या तर आकडा याहून मोठा असता, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण जे औषध घेऊनही ताप चढतो आहे, त्याचा डोस वाढवत राहण्यापलीकडे काही करायचं की नाही?

आपल्याकडे बाजाराच्या लबाडीवर एकदा वेगळा उपाय झालेला आहे. शेर, पायली, मण यांचं माप गावागणिक बदलायचं, काटा मारणं हा नित्याचा अनुभव होता. १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, दशमान पद्धत आली, आणि वजनं-तराजू ठरावीक काळाने तपासून त्यावर सरकारी शिक्का मारण्याची यंत्रणा देशभर एका मापाने चालू लागली. गिऱ्हाइकाने पिशवीत स्वतःचा किलो घेऊन बाजारात जावं, असं कुणी सुचवलं नाही. ‘जागो ग्राहक’ म्हणणं नंतर आलं. आधी शिक्का आला. काटा मारणारे आजही आहेत, पण काट्यावर भरवसा ठेवणाऱ्याला कुणी मूर्ख म्हणत नाही. छोट्या दुकानदाराच्या वाट्याला सायबरच्या बाबतीत हा भरवसा अजून आलेला नाही. त्याला रोज आपापलं वजन घेऊन बाजारात जायला सांगितलं जातं.

दोष देण्यातला भेदभावही बघण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. १९०६ साली स्थापन झालेली, स्वतःचा संगणक विभाग असलेली ही बँक. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि स्विफ्ट या परदेशी पैसे पाठवण्याच्या बँकजाळ्यातून हाँगकाँगच्या खात्यात मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याला सगळ्यांनी ‘हल्ला’ म्हटलं, आणि ते योग्यच होतं. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणकसेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांना पैसे देवाणघेवाणीच्या जाळ्यातून काही काळ बाजूला काढलं. सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचं यूपीआय अडलं. त्या गावांतल्या किराणा दुकानदाराने यात कुठली सावधगिरी बाळगायची होती? आपल्या बँकेचा सर्व्हर कुणाकडे आहे आणि त्याने कुलूप नीट लावलंय का, हे त्याने तपासायचं होतं? बँकेचं गेलं की हल्ला आणि पिठाच्या गिरणीवाल्याचं गेलं की अज्ञान, ही भाषा आपण सोडली पाहिजे. भाषेतून जबाबदारी ठरते.

आता पाइपवाल्या गृहस्थांकडे परत येतो. त्यांनी भरलेल्या एनईएफटीच्या अर्जात लाभार्थीचं नाव म्हणून कारखान्याचं नाव लिहिलं होतं. पैसे पोचले ते खातं भलत्याच नावाचं होतं. तरी ते जमा झाले, कारण एनईएफटीत रक्कम खातेक्रमांकावर जमा व्हायची. लिहिलेलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतं का, हे पाहण्याचं बंधन बँकेवर नव्हतं. वर्षानुवर्षं लाखो दुकानदार ते नाव काळजीपूर्वक लिहीत होते आणि त्याचा सुरक्षेला काडीचा उपयोग नव्हता. चेकवर नाव चुकलं तर चेक परत येतो हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे, त्याने इथे तसं नाही हे कुठून ओळखावं? शेवटी रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक काढलं आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी-आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय, तीही विनाशुल्क, सर्व बँकांना करायला लावली. हीच सोय नऊ महिने आधी असती तर ते सव्वाचार लाख वाचले असते. या एका बदलाने जेवढे वाचतील, तेवढे शंभर व्याख्यानांनी वाचणार नाहीत. माणूस तोच राहिला, दरवाजा बदलला.

‘चेक बरा’ म्हणणाऱ्यांना चेक का बरा वाटतो, याचाही विचार करावा. चेक सुरक्षित वाटतो तो कागदामुळे नव्हे, कायद्यामुळे. एका कंपनीच्या हिशेबनिसाने व्यवस्थापकीय संचालकाची खोटी सही करून ४२ चेक वटवले आणि सव्वातीन लाखांहून जास्त रक्कम काढली. कंपनीने वेळेवर पासबुक तपासलं नाही, हा तिचाच निष्काळजीपणा, असा बचाव बँकेने केला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खोटी सही म्हणजे बँकेला पैसे देण्याचा आदेशच नव्हता; मग खातेदाराच्या ढिलाईकडे बोट दाखवून बँकेला सुटता येणार नाही. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. ऑनलाइनला हे तत्त्व अर्धवटच लागू झालं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक चांगलं होतं: खातेदाराची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि त्याने कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर त्याच्यावर काहीच भार नाही, सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर. पण खातेदाराने ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आणि पाइपवाल्यांसारखा ज्याने फसून स्वतःच पैसे पाठवले, तो तर या परिपत्रकाच्या बाहेरच. छोट्या धंद्याचे सगळ्यात मोठे घाव याच दोन जागी बसतात.

इथे मला दोनशे वर्षांपूर्वीची एक रीत आठवते. १८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालीची पद्धत नोंदवली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढत जायचं. माग शेजारच्या गावच्या हद्दीत शिरला आणि तिथल्या जागल्याची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपली; पुढचा माग दुसऱ्याने काढायचा. शेवटी ज्या गावापर्यंत चोर स्पष्टपणे पोचल्याचं दिसे, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरलं जाई. जागल्याची ऐपत संपली की उरलेली रक्कम गावावर बसे. ही रीत सोन्यासारखी होती असं मी म्हणत नाही. भार आधी गावातल्या सगळ्यात गरीब माणसावर पडायचा, आणि पूर्ण भरपाई घेतलीच जायची असंही नाही, हे खुद्द एल्फिन्स्टनने लिहिलं आहे. पण तिच्यात एक शहाणपण होतं. आपल्या शिवेत चोर लपला तर आपल्याला भरावं लागेल, हे प्रत्येक गावाला ठाऊक असल्यामुळे परक्या गावच्या चोरीतही प्रत्येकाचा जीव गुंतलेला असे. आज दुकानदाराचे पैसे एका खात्यातून चार खात्यांत, चारातून वीस खात्यांत जातात. ही भाड्याची खाती, बँकवाले ज्यांना म्यूल खाती म्हणतात, कुठल्या ना कुठल्या बँकेच्या शिवेतच असतात. कागदोपत्री ट्रेडिंग कंपनी, जागेवर बंद शटर. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची प्रणाली केली आहे. म्हणजे हुडकता येतात, हे मान्य आहे. मग न हुडकल्याची किंमत बँकेला का नको?

यावरचा खरा कठीण आक्षेप असा की भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, काही तर संगनमत करून खोटे दावे लावतील. शिवाय बँका अंग काढून घेतील, छोट्या धंद्याला चालू खातंच देणार नाहीत. पहिल्या भागात तथ्य आहे, म्हणूनच वाटा म्हणतो, सगळं नाही. २०१३ साली महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर, आयटी कायद्याखालचे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, पुण्यातल्या एका उद्योगाचं प्रकरण आलं होतं. फिशिंग ईमेलला, म्हणजे गुप्त माहिती काढून घेणाऱ्या बनावट ईमेलला, उत्तर दिल्यानंतर खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले होते. सचिवांनी बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले: ईमेलला उत्तर दिलं म्हणून उद्योगानेही भार सोसावा, पण ज्या खात्यांत पैसे गेले ती खाती नीट न तपासता उघडली म्हणून बँक मोकळी नाही. माझ्या मते या विषयावरचा इतका समंजस निवाडा आपल्याच राज्यात, आपल्याच कायद्याखाली झाला, आणि तरी आमच्या बैठकीत तो एकालाही माहीत नव्हता. दुसऱ्या भागाला उत्तर ब्रिटनमध्ये आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवणाऱ्यालाही ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई आहे; व्यक्तींना आणि दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या धंद्यांनाही. पाठवणाऱ्या बँकेने निम्मी द्यायची आणि ज्या बँकेत पैसे पोचले तिने निम्मी. घोर निष्काळजीपणा असेल तर भरपाई नाही. म्हणजे माग संपला त्या गावाने भरायचं, हेच. छोट्या धंद्यांना वगळून नव्हे, धरूनच तिथे हा नियम केला.

एक धोका मात्र सगळ्यांनी ओळखला पाहिजे, कारण तो आज आपल्या बाजारातच दिसतो. फसवणूक झाल्याबरोबर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला तर पैसे वाटेतच अडवता येतात; ही सोय उत्तम आहे आणि पहिल्या तासाला फार किंमत आहे. पण माग काढताना चोरीचे पैसे ज्याच्याकडे वडापावचे म्हणून आले, त्याचंही अख्खं खातं गोठवलं जातं. दोन-चारशे रुपयांच्या संशयापायी दुकानदाराचे सगळे पैसे अडकतात, मालाचे चेक परत जातात, आणि होल्ड दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्याने लावलेला असल्यामुळे त्याने विचारायचं कुणाला, हेही कळत नाही. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयाने बजावलं की संशयित रकमेपुरतंच खातं अडवावं. जबाबदारी जागल्याच्या खिशातून वसूल करण्याची जुनी चूक पुन्हा व्हायला नको. माग बँकेच्या शिवेत संपतो. माल विकून पैसे घेणाऱ्या टपरीवर नाही, आणि काउंटरवरच्या कारकुनावरही नाही.

रोखीकडे परत जाऊ म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. गिऱ्हाइकाच्या खिशात सुटे नाहीत, कारखाना रोख घेत नाही, ई-वे बिलाशिवाय टेम्पो हलत नाही. ती वाट उरलेली नाही.

मग दुकानदाराने हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. बँकेकडून वाटा मागायचा तर आपलं घर आवरलेलं हवं. खातेक्रमांक बदलल्याचं पत्र आलं की जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. पत्रात दिलेल्या नंबरवर नाही. ठरावीक रकमेवरचा भरणा एकाने नोंदवायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. नवरा-बायको मिळून दुकान चालवत असतील तरी हे जमतं. टॅलीतल्या हिशेबाची एक प्रत रोज अशा हार्ड डिस्कवर, जी एरवी संगणकाला जोडलेली नसते. पाडव्याला आपण वहीची पूजा करतो. ती वही रॅन्समवेअरने कुलूपबंद केली तर उधारी वसूल कशावरून करणार? क्यूआर कोडचा स्टिकर रोज सकाळी दुकान उघडताना स्वतः स्कॅन करून नाव बघायचं, कारण जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांबाहेरचे कोड बदलून पैसे भलत्याच खात्यात वळवले गेले. आणि ज्या गोष्टी एकट्याला परवडत नाहीत त्या मंडळाने कराव्यात. रात्रीचा गुरखा आपण सगळे वर्गणी काढून ठेवतोच ना? तसाच साठ दुकानांसाठी एक जाणकार तंत्रज्ञ ठेवता येईल, जो महिन्यातून एकदा प्रत्येकाचं यंत्र तपासेल. ज्याचं गेलं त्याच्यासोबत पहिल्या तासात पोलीस ठाण्यात आणि बँकेत जाणारी दोन माणसं मंडळाकडे असावीत, म्हणजे तो लाजेने तीन दिवस गप्प बसणार नाही. ही लाज आपणच, ‘भोगा’ म्हणून, त्याच्यावर लादली आहे.

गेल्या आठवड्यात मी पाइपवाल्यांच्या दुकानात जाऊन त्यांना पुढच्या बैठकीला येण्याची विनंती केली. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढून दाखवले. पोलिसांकडून एवढंच समजलं आहे की खातं दुसऱ्या राज्यात होतं, एका ट्रेडिंग कंपनीच्या नावाचं, चोरीच्या दोन महिने आधी उघडलेलं. ते उघडण्याआधी त्या पत्त्यावर बँकेचं कुणी जाऊन आलं होतं का, असं त्यांनी त्या बँकेला रजिस्टर पोस्टाने विचारलं. पोचपावती आली आहे, उत्तर आलेलं नाही.